एकाच रेघेचं काम

विमानतळावर बसमधून उतरून जिन्याकडे चालताना किंवा टर्मिनलच्या काचेतून उभ्या विमानाकडे पाहताना इंजिनाच्या तोंडात एकदा नीट बघावं. बाहेर मोठी गोल चौकट, आत दाटीनं बसवलेली पाती आणि मधोमध पुढे आलेला, बहुतेक वेळा काळा किंवा राखाडी असा एक शंकू दिसतो. त्यावर पांढऱ्या रंगात एक रेघ काढलेली असते. टोकाजवळून निघते आणि मळसूत्री वळण घेत बाहेर जाते. काही इंजिनांवर पूर्ण मळसूत्र नसतं, टोकाच्या एका बाजूला जाडसर स्वल्पविराम असतो.

ही रेघ कशासाठी, असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: पक्षी घाबरावेत म्हणून. हे उत्तर इतक्या जणांनी इतक्या वेळा दिलं आहे की ते खरं वाटू लागलं आहे. त्यामागचा पुरावा मात्र फार तोकडा आहे. या रेघेची गरज ज्याला खरोखर असते तो विमानाखाली काम करणारा माणूस. त्याच्या डोळ्यांच्या मर्यादा लक्षात घेतल्या की या रेघेचा आकार, तिची जागा आणि ती एकच का, हे सगळं उलगडतं. पण आधी ती ज्याच्यावर काढली आहे त्या शंकूकडे पाहू, कारण त्याचा आकार ठरवतानाही इंजिनिअरांना बराच घाम गाळावा लागला आहे.

विमानाची देखभाल करणारे या शंकूला ‘स्पिनर’ म्हणतात. तो पंख्याच्या तुंब्यावर बसवलेला असतो आणि पंख्याबरोबर फिरतो. बोइंग ७७७ला लावलेल्या जीई ९० इंजिनाचं उदाहरण घेऊ. त्याच्या पंख्याचा व्यास सुमारे ३.२५ मीटर आहे. उड्डाणाच्या वेळी हा पंखा सेकंदाला सुमारे ४० फेरे घेतो. पात्याचं टोक एका फेऱ्यात दहा मीटरहून जास्त अंतर कापतं, म्हणजे सेकंदाला ४०० मीटर. हा वेग ध्वनीपेक्षा जास्त आहे. आता त्याच पंख्यावर मध्यापासून ३० सेंटिमीटरवरचा बिंदू घ्या. तो सेकंदाला जेमतेम ७५ मीटर जातो. पंख्याच्या मधल्या भागाला हवा रेटण्याचा जोरच नसतो. तो भाग उघडा ठेवला तर समोरून आलेली हवा सपाट तुंब्यावर आदळेल, तिथे भोवरे होतील आणि पात्यांच्या बुंध्याशी विस्कटलेली हवा पोचेल. स्पिनर ही हवा अलगद बाजूला सारून पात्यांच्या हाती देतो.

त्याचं दुसरं काम अधिक नाजूक आहे. टर्बोफॅन इंजिनात शिरलेली सगळी हवा जळण्याच्या ठिकाणी जात नाही. नव्या इंजिनांत दहातला सुमारे नऊ भाग हवा बाहेरच्या वाटेनं, म्हणजे बायपासमधून, नुसती मागे ढकलली जाते. जो भाग आतल्या गाभ्यात जातो, म्हणजे कॉम्प्रेसर, ज्वलनकक्ष आणि टर्बाइनकडे, तो नेमका स्पिनरला लगटून गेलेल्या हवेचा. गाभ्याचं तोंड स्पिनरच्या मागे, पात्यांच्या बुंध्यापाशीच असतं. साहजिकच पाऊस, गारा, बर्फाचे तुकडे, वाळू यांपैकी जे काही स्पिनरवर आपटेल ते पुरेसं बाहेर उडालं तर बायपासमधून निघून जातं आणि इंजिनाला फारसा धोका राहत नाही. कमी उडालं तर थेट गाभ्यात शिरतं. सगळा प्रश्न उडण्याच्या कोनाचा आहे, आणि तो कोन ठरतो शंकूच्या आकारावर.

सुरुवातीच्या जेट इंजिनांत हा शंकू फिरत नसे. मोठ्या संख्येनं तयार झालेलं पहिलं जेट इंजिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट २६२ या जर्मन लढाऊ विमानाचं युंकर्स जुमो ००४. त्याच्या नाकातल्या शंकूच्या पोटात चक्क एक छोटं पेट्रोल इंजिन बसवलेलं असे: दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, सुमारे दहा अश्वशक्तीचं, नाव रीडेल. मोठं इंजिन सुरू करण्यापुरता वेग त्याच्याकडून मिळवायचा. ते एरवी विजेवर सुरू होई, आणि वीज दगा देईल म्हणून शंकूच्या टोकाशी एक कडी होती. मेकॅनिकनं ती ओढायची, छोटं इंजिन धडधडायला लागलं की त्यानं मोठ्याला फिरवायचं. जेट युगाची सुरुवात अशी दोरी ओढून झाली, हे मला फार विलक्षण वाटतं.

नंतर आलेल्या पंख्याच्या इंजिनांतही पंख्यासमोर स्थिर पात्यांची एक रांग असे आणि मधला शंकू तिला धरून निश्चल राही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बोइंग ७४७साठी प्रॅट अँड व्हिटनीनं जेटी९डी हे प्रचंड पंख्याचं इंजिन केलं, त्यात ही पुढची रांग काढून टाकली. त्याच सुमारास आलेल्या रोल्स-रॉइसच्या आरबी२११मध्येही ती नव्हती. पंखा थेट समोर आला आणि शंकू त्याच्यासोबत फिरू लागला.

महाराष्ट्रानं आणखी एका जातीचा शंकू जवळून पाहिला आहे, त्याचा इथे घोळ होऊ नये. नाशिकजवळ ओझरला १९६४ साली उभ्या राहिलेल्या एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ विमानं तयार झाली. मिग-२१च्या नाकाच्या भोकातून बाहेर डोकावणारा शंकू फिरत नाही, तो वेगानुसार पुढे-मागे सरकतो. विमान ध्वनीपेक्षा वेगानं जाऊ लागलं की त्याच्या टोकापासून आघातलहर निघते आणि आत शिरणारी हवा कॉम्प्रेसरला झेपेल इतकी मंदावते. पुढच्या आवृत्त्यांत रडारही याच शंकूच्या पोटात बसवलं. पंख्याच्या स्पिनरशी त्याचं नातं फक्त दिसण्यापुरतं. भारतीय वायुदलानं मिग-२१ला सप्टेंबर २०२५मध्ये निरोप दिला.

आता आकाराकडे येऊ. वरवर पाहता टोकदार शंकूच सगळ्यात चांगला वाटतो. हवा सहज कापली जाते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यावर बर्फ कमी साठतो. ढगात शून्याखालच्या तापमानाचे, तरीही द्रवच असलेले पाण्याचे थेंब असतात. कशावर आदळले की तिथेच गोठतात. टोकदार शंकूवर त्यांना सरळ आदळायला जागा थोडी मिळते. जो बर्फ धरतो तो उतारावरून, केंद्रापासून दूर फेकणाऱ्या जोरामुळे, लवकर निसटतो. बोथट नाकावर मात्र बर्फाला ऐसपैस बैठक मिळते. मध्याजवळ फेकणारा जोरही कमी, त्यामुळे थर जाड होईपर्यंत तिथे चिकटून राहतो. हा बर्फ एका बाजूचा सुटला आणि दुसऱ्या बाजूचा राहिला की पंख्याचा तोल बिघडतो आणि विमानभर थरथर जाणवते. १९८०च्या दशकात बोइंग ७३७-३०० बाजारात आलं तेव्हा त्याच्या सीएफएम ५६ इंजिनांवर असाच टोकदार शंकू होता.

२४ मे १९८८ला टाका या एल साल्वादोरच्या कंपनीचं एक नवंकोरं ७३७-३०० बेलीझहून न्यू ऑर्लीन्सकडे चाललं होतं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ४५ जण आत होते. कॅप्टन कार्लोस दार्दानो. उतरण्यासाठी इंजिनं आयडलवर, म्हणजे अगदी मंद गतीवर, आणलेली, समोर वादळी ढग. वैमानिकांनी रडारवर दिसणाऱ्या दोन जोरदार पट्ट्यांमधली वाट धरली. तिथे मुसळधार पाऊस आणि गारा होत्या. साडेसोळा हजार फुटांच्या आसपास दोन्ही इंजिनं विझली. पुन्हा पेटवली तर वेग घेईनात, तापत मात्र गेली. शेवटी ती बंद करून दार्दानोंनी विमान नासाच्या मिशू कारखान्याजवळ, पाणी अडवण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्याला लागून असलेल्या गवताच्या अरुंद पट्टीवर उतरवलं. एकही जीव गेला नाही. दार्दानोंना एकच डोळा होता, हे समजल्यावर त्या कौशल्याबद्दल वाटणारा आदर कितीतरी वाढतो. काही दिवसांनी एक इंजिन बदलून ते विमान मिशूच्या आवारातल्या जुन्या धावपट्टीच्या रस्त्यावरून उडवत नेलं. नंतर ते अनेक वर्षं अमेरिकेत प्रवासी वाहत राहिलं.

गारांनी आग विझते कशी? ढोबळ हिशेब करून पाहता येतो. एक किलो गारा वितळवायला, ते पाणी उकळीपर्यंत तापवायला आणि त्याची वाफ करायला मिळून सुमारे ३ मेगाज्यूल उष्णता लागते. आयडलवर असलेलं या आकाराचं इंजिन ताशी साधारण ३०० किलो इंधन जाळतं असं धरा. म्हणजे सेकंदाला ८३ ग्रॅम. त्यातून सेकंदाला सुमारे साडेतीन मेगाज्यूल उष्णता निघते. गाभ्यात सेकंदाला एक किलो गारा शिरल्या तर जवळजवळ सगळी उष्णता त्या पिऊन टाकतील. प्रत्यक्षात गणित याहून गुंतागुंतीचं असतं, कारण कॉम्प्रेसरमधली दाबलेली हवाही गरम असते आणि पाणी वाटेतच तिला थंड करू लागतं. पण आकड्यांचा आवाका कळायला एवढं पुरे. उड्डाणाच्या वेळी हेच इंजिन कितीतरी पट इंधन जाळतं, तेव्हा त्याच गारा ते पचवून टाकतं. धोका उतरताना असतो. इंजिन आयडलवर, पंखा हळू फिरतोय म्हणून पाणी बाहेर फेकण्याचा जोर कमी, आणि विमान मात्र वेगात असल्यामुळे समोरच्या गारा भराभर तोंडात येताहेत.

आणि इथेच टोकदार शंकूचा दोष उघडा पडला. त्याच्या लांब, निमुळत्या उतारावर गार आपटली की जरा दिशा बदलून घसरते आणि सरळ गाभ्याच्या तोंडात जाते. बोथट, अंड्याच्या टोकासारख्या नाकावर आपटलेली गार मोठ्या कोनातून बाहेर उडते. न्यू ऑर्लीन्सच्या घटनेनंतर इंजिन करणाऱ्या सीएफएम कंपनीनं स्पिनरचा आकार अंडाकृती केला आणि पंख्याजवळची रचनाही बदलली. गाभ्यातलं पाणी बाहेर काढणाऱ्या झडपा वाढवल्या आणि जोरदार पावसात ज्वलनकक्षातल्या ठिणग्या चालूच राहतील अशी सोय केली. शंकू एकटाच गुन्हेगार नव्हता, म्हणून दुरुस्तीही एकट्या शंकूची झाली नाही.

पण गारांसाठी उत्तम असलेलं बोथट नाक बर्फासाठी वाईट. दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. पुढच्या पिढीच्या सीएफएम ५६-७बी इंजिनावर, म्हणजे आपल्याकडेही उडणाऱ्या ७३७-८००वर, या भांडणाची तडजोड दिसते. त्याच्या स्पिनरचा काही भाग शंकू आणि काही भाग अंडाकृती आहे. मला या तडजोडीचं फार कौतुक वाटतं. एका साध्याशा दिसणाऱ्या शंकूचा बाक जरा इकडे की तिकडे, यावर लोकांनी वर्षं घालवली आहेत, आणि प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो. नाकाचा आकार बदलला म्हणजे संपूर्ण सुटका झाली असं मात्र नाही. १६ जानेवारी २००२ला गरुडा इंडोनेशियाच्या एका ७३७-३००ची दोन्ही इंजिनं जावावर गारांच्या वादळात विझली. वैमानिकानं विमान बेंगावान सोलो नदीत उतरवलं. त्यात एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. गारा आणि पाणी इंजिनाच्या सोसण्यापलीकडचे होते. म्हणूनच आजही वैमानिकांना पहिला धडा असतो तो अशा ढगांपासून दूर राहण्याचा.

बर्फावर रोल्स-रॉइसनं काढलेली युक्ती मला सगळ्यात देखणी वाटते. जुन्या इंजिनांत नाकाला गरम हवेनं शेकत. ती हवा कॉम्प्रेसरमधून चोरावी लागे, म्हणजे तेवढी शक्ती वाया. रोल्स-रॉइसनं आरबी२११च्या आणि पुढे ट्रेंट घराण्याच्या टोकदार स्पिनरच्या अगदी टोकाशी रबराचा तुकडा बसवला. बर्फ साचू लागला की त्याच्या विषम भारामुळे फिरणारं रबरी टोक थरथरतं, वाकतं. बर्फ कडक, तो वाकू शकत नाही. त्याला तडा जातो आणि तो थर जाड होण्याआधीच फुटून उडतो. तापवणं नाही, नळ्या नाहीत, झडपा नाहीत. जमिनीवर कडाक्याच्या थंडीत उभ्या असलेल्या विमानांत वैमानिकही काही वेळानं पंख्याचा वेग थोडा वेळ वाढवून साचलेला बर्फ झटकून टाकतात. ७३७-८००साठी ही सवय साधारण दर अर्ध्या तासाची.

आता रेघ. विमान उभं आहे, इंजिन आयडलवर सुरू आहे आणि समोर एक मेकॅनिक आहे. त्याच्या कानांवर जाड संरक्षक कप आहेत. आजूबाजूला दुसऱ्या विमानांचा, जमिनीवरच्या जनरेटरचा, गाड्यांचा गोंगाट आहे. हे इंजिन सुरू आहे की बंद, हे त्याला आवाजावरून कळणं अवघड. मग डोळ्यांवरून कळायला नको का?

सीएफएम ५६-७बीच्या पंख्याला २४ पाती असतात. आयडलवर तो मिनिटाला साधारण एक हजार फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सतरा. एका ठिकाणाहून सेकंदाला चारशेहून जास्त पाती पुढे सरकतात. माणसाच्या डोळ्याला सेकंदाला पन्नास-साठपेक्षा जास्त वेळा होणारी उघडझाप वेगळी दिसत नाही, ती एकजीव होते. चारशे तर फारच दूर. पाती विरघळून पारदर्शक, राखाडी चकती उरते आणि तिच्यातून मागचं काहीबाही दिसतंही. बिनखुणेचा गुळगुळीत शंकू आपल्याच आसाभोवती फिरताना अगदी जागच्या जागी उभा असल्यासारखा दिसतो, कारण फिरण्यानं त्याच्या रूपात काहीच बदलत नाही. म्हणजे सगळ्यात धोकादायक क्षणी इंजिन शांत उभं असल्याचा भास होतो.

या शंकूवर एका बाजूला एकच पांढरी खूण काढली की चित्र पालटतं. ती खूण एका जागेवर सेकंदाला सतरा वेळा येते आणि जाते. सतरा हा आकडा डोळ्याच्या मर्यादेच्या आत आहे, आणि माणसाचं लक्ष सगळ्यात जास्त वेधून घेणारी उघडझाप साधारण याच पट्ट्यातली असते. खूण स्पष्ट दिसत नाही, पण तिची अस्वस्थ फडफड दुर्लक्षही करू देत नाही. जीई ९०सारखं मोठं इंजिन आयडलवर सेकंदाला नऊ-दहा फेरेच घेतं, तिथे तर रेघ फिरताना जवळजवळ मोजता येते. घरी छताच्या पंख्याच्या एकाच पात्यावर काळा कागद चिकटवून पाहिला तर हा फरक लगेच कळेल: तिन्ही पाती पुसट होतात, कागद मात्र लुकलुकत राहतो.

म्हणून खूण एकच असते. चारी बाजूंना सारख्या चार रेघा काढल्या असत्या तर उघडझाप चौपट झाली असती, सतराची अडुसष्ट, आणि ती डोळ्याच्या मर्यादेपलीकडे जाऊन पुन्हा राखाडी वर्तुळच उरलं असतं. विषमतेतच तिचं बळ आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात विमानाचे प्रोपेलर आणि हेलिकॉप्टरचे शेपटीचे पंखे कोणत्या रंगसंगतीत जास्त डोळ्यांत भरतात हे तपासलं होतं. त्यातही काळे-पांढरे पट्टे विषम पद्धतीनं काढलेली पातीच सगळ्यात उठून दिसली.

मग मळसूत्र कशाला? ठिपक्यानंही काम भागतं आणि अनेक इंजिनांवर स्वल्पविरामच असतो. तो आसाच्या जरा बाजूला असल्यामुळे शंकूचं टोकच डुगडुगतंय असा भास होतो. मळसूत्राचा भास आणखी वेगळा. ते फिरतं तेव्हा रेघेचा प्रत्येक तुकडा बाहेरच्या दिशेनं सरकत असल्यासारखा किंवा आत गिळला जात असल्यासारखा दिसतो. फिरण्याचं रूपांतर पुढे येण्यात किंवा मागे जाण्यात होतं. बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लाटो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशाच फिरत्या मळसूत्राकडे टक लावून पाहिल्यानंतर होणाऱ्या भासांचं वर्णन केलं होतं: मळसूत्र थांबल्यावरही सगळं उलट्या दिशेनं सरकताना दिसतं. मेंदूला स्वतःकडे येणारी किंवा दूर जाणारी हालचाल फार लवकर जाणवते, आणि ती नजरेच्या कोपऱ्यातूनही जाणवते. मेकॅनिक इंजिनाकडे बघत नसतो, तो हातातल्या कामाकडे बघत असतो. खूण उपयोगी पडायची ती नजरेच्या त्या कोपऱ्यातच.

खूण टोकाजवळ काढण्यातही अर्थ आहे. आसाजवळ गोल लहान असतो, त्यामुळे खुणेची धाव कमी आणि पुसटपणाही कमी. पात्यावर पट्टा काढला असता तर तो त्याच फेऱ्यांत अनेकपट अंतर कापून फिक्क्या कड्यासारखा पसरला असता. उड्डाणाच्या वेळी ७३७-८००चा पंखा सेकंदाला ऐंशीहून जास्त फेरे घेतो, तेव्हा रेघही पुसली जाते. पण तेव्हा इंजिनासमोर कोणी माणूस नसतो, नसायलाच हवा.

आता पक्ष्यांची गोष्ट. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजनं आपल्या मोठ्या विमानांच्या स्पिनरवर डोळे रंगवून पाहिले, आणि डोळेवाल्या इंजिनांना पक्ष्यांच्या धडका कमी बसल्याचं सांगितलं. बातमी जगभर गेली, समज तिथून पक्का झाला असावा. पण एका कंपनीच्या काही विमानांवरचा हा अनुभव पुढे स्वतंत्रपणे सिद्ध झाला नाही. बोइंगनं आपल्या तांत्रिक नियतकालिकात २०११ साली पक्ष्यांबद्दलच्या गैरसमजांची यादी छापली. विमानाचा रंग आणि स्पिनरवरच्या खुणा पक्ष्यांना पळवून लावतात, हा समज त्या यादीत आहे आणि तो शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेला नाही असं तिथे म्हटलं आहे.

गंमत अशी की पक्ष्यांना रेघ दिसत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. काही छोट्या पक्ष्यांचे डोळे माणसापेक्षा कितीतरी चपळ असतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फ्लायकॅचर जातीच्या पक्ष्यांना सेकंदाला १४०च्या आसपासची उघडझापही वेगळी दिसली. तेव्हा उड्डाणाच्या वेगालाही ती खूण एखाद्या पक्ष्याला फिरताना दिसू शकेल. अडचण वेळेची आहे. उड्डाण करणारं विमान सेकंदाला ७५-८० मीटर येतं. धडकेच्या एक सेकंद आधी पक्ष्यापासून इंजिन तेवढ्या अंतरावर असतं, आणि स्पिनर तर चौकटीच्या आत, सावलीत. २०१५ साली अमेरिकेत काउबर्ड या पक्ष्यांना समोरून येणाऱ्या वाहनाची चित्रफीत वेगवेगळ्या वेगात दाखवून त्यांची पळ काढण्याची वेळ मोजली. पक्षी वेगाचा विचार न करता ठरावीक अंतर उरलं की उडत होते. वाहन ताशी १२० किलोमीटरपेक्षा वेगात असेल तर तेवढं अंतर त्यांना अपुरं पडत होतं. विमान त्याच्या दुपटीहून वेगात असतं. पक्ष्याला लाखो वर्षांत शिकारी भेटले ते घारीच्या, ससाण्याच्या वेगाचे. जमिनीला समांतर इतक्या वेगात येणाऱ्या वस्तूचा अंदाज त्याच्या मेंदूत नाही, तो रंगानं घालता येत नाही.

२० मे २०२४च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या एमिरेट्सच्या बोइंग ७७७ची घाटकोपरजवळ फ्लेमिंगोंच्या थव्याशी धडक झाली. ३९ पक्षी मेले, विमान सुखरूप उतरलं. अंधारात खुणेचा प्रश्नच नव्हता. ठाण्याच्या खाडीतले आणि नवी मुंबईच्या पाणथळींवरचे हे पक्षी आणि विमानांच्या वाटा यांचा मेळ घालायचा तर पाणथळ जागा, उजेड, कचरा, उड्डाणांच्या वेळा यांचा विचार करावा लागतो. रंगाच्या डब्यात त्याचं उत्तर नाही, आणि आहे असं समजल्यानं खरा विचार मागे पडतो.

माणसांच्या बाजूनं मात्र हिशेब रोकडा आहे. ७३७च्या आकाराचं इंजिन आयडलवर असताना त्याच्या तोंडासमोर सुमारे तीन मीटरपर्यंत माणूस ओढला जाण्याचा धोका असतो. शक्ती वाढवली की तो चार मीटरच्या पुढे जातो. धोक्याचा हा पट्टा तोंडाच्या कडेपासून थोडा मागेही पसरलेला असतो. म्हणूनच इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला लाल पट्टा आणि आत ओढल्या जाणाऱ्या माणसाचं चित्र रंगवलेलं असतं. १६ डिसेंबर २०१५च्या रात्री मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या एअरबस ए३१९च्या इंजिनात एक तंत्रज्ञ ओढला गेला आणि जागीच गेला. ३१ डिसेंबर २०२२ला अमेरिकेत अलाबामातल्या मॉन्टगोमेरी विमानतळावर एक महिला कर्मचारी अशीच दगावली. त्या विमानाचा जमिनीवर वीज देणारा छोटा जनरेटर बंद होता, म्हणून इंजिनं थंड होईपर्यंत काही मिनिटं सुरू ठेवली होती. इंजिन सुरू असल्याचं सांगणारा विमानाचा लाल दिवाही लुकलुकत होता.

अशा घटना वाचल्या की त्या रेघेची मर्यादा कळते. स्पिनर तोंडाच्या आत असतो. बाजूनं किंवा मागून येणाऱ्याला तो दिसतच नाही. रेघ दिसेल अशा जागी जो पोचला तो आधीच धोक्याच्या पट्ट्याजवळ आलेला असतो. त्यामुळे लाल दिवा बंद होईपर्यंत जवळ न जाणं, इंजिन बंद झाल्याचा इशारा मिळाल्याशिवाय चाकाला अडसर लावायला न धावणं, विमान हलवण्याआधी सगळे बाजूला झाल्याची खात्री करणं, हे नियम तिच्या कितीतरी आधी येतात. ती शेवटची, अशक्त पण स्वस्त अशी आडकाठी आहे. तिला पक्ष्यांची म्हणून सोडून दिलं तर ती झिजली, पुसट झाली, पाऊस आणि वाळूनं खरवडून निघाली, तरी कोणी घाईनं रंगवणार नाही. ती कामगाराच्या जिवाची आहे असं मानलं तर रंगवेल.

आणखी एक खबरदारी इंजिनाजवळ काम करणारे जाणतात. उभ्या विमानाचा पंखा वाऱ्यानंही फिरतो, अगदी बंद असला तरी. पावसाळ्यात मुंबईच्या वाऱ्यात रांगेनं उभ्या विमानांची पाती सावकाश फिरत असतात, बुंध्याशी सैल बसलेली पाती टकटक आवाज करतात. तेव्हा रेघ इतकी हळू फिरते की डोळा तिच्या मागोमाग जाऊ शकतो. इंजिन पेटलं आणि आयडलला आलं की डोळा तिचा पाठलाग सोडून देतो आणि उरते फक्त फडफड.

२०२१ साली जीई आणि साफ्रान यांनी मिळून नव्या जातीच्या इंजिनाचं काम जाहीर केलं. त्यात पंख्याभोवतीची गोल चौकटच नाही, पाती प्रोपेलरसारखी उघड्यावर आहेत. इंधन वाचेल, हा त्यामागचा हेतू. पण त्यात नाकाचा शंकू सावलीतून बाहेर येईल, बाजूनंही दिसेल, आणि त्याबरोबर पातीही बाहेर येतील. अशा इंजिनाच्या पात्यांवर आणि नाकावर खुणा कशा काढायच्या, कुठे विषम ठेवायच्या, किती फेऱ्यांना त्या दिसल्या पाहिजेत, हा हिशेब आराखड्याच्या टेबलावरच, विमानतळावर काम करणाऱ्यांना शेजारी बसवून, मांडायला हवा.